वेगवान पोर्टांचे गणित : आकार एक, वेग अनेक

हूटगळ्ळी (म्हैसूर) : म्हैसूर शहराच्या वायव्येला, हुणसूर मार्गालगत वसलेले हूटगळ्ळी हे औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. मोटारींचे आस बनविणारा ‘ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स’चा कारखाना येथे आहे. शेजारच्या हेब्बाळ परिसरात ‘इन्फोसिस’चे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल आहे. यंत्रभागांचे आराखडे असोत, हिशेबाच्या वह्या असोत की विद्यार्थ्यांचे प्रकल्प, अशा परिसरातील बहुतेक कामे अखेर कुठल्या ना कुठल्या टेबलावरील संगणकापाशी येऊन थांबतात आणि त्याच संगणकाच्या मागच्या बाजूला असलेल्या पोर्टांतून बाहेर पडतात.

या पोर्टांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते काम अडल्यावर. नवी, महागडी बाह्य डिस्क जोडूनही फाइली जुन्याच संथ गतीने उतरतात. टाइप-सी पोर्टाला पडदा जोडला तरी चित्र उमटत नाही. संगणकाच्या पुढच्या बाजूस लावलेली हार्ड डिस्क मधूनच ‘गायब’ होते. अशा वेळी दोष उपकरणाला दिला जातो आणि नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. वस्तुतः अनेकदा उपकरण निर्दोष असते; चुकलेली असते ती पोर्टाची, केबलची किंवा या दोहोंच्या जोडीची निवड. प्रश्न केवळ सोयीचा नाही. नक्कल घेण्याचे काम तासन्‌तास चालू लागले की ते टाळले जाते आणि नक्कल नसलेली माहिती डिस्क बिघडल्यावर कायमची हरवते. म्हणूनच वेगवान जोडणीचे हे गणित समजून घेणे उपयोगाचे ठरते.

बिट आणि बाइट यांतील आठपट

पोर्टाचा वेग सेकंदाला किती ‘बिट’ यात सांगितला जातो, तर फाइलचा आकार ‘बाइट’मध्ये मोजला जातो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे ‘४८० मेगाबिट’ असे लिहिलेल्या पोर्टातून सेकंदाला ४८० मेगाबाइट जातील, अशी समजूत करून घेतल्यास निराशा ठरलेली. आठाने भागल्यावर ती मर्यादा ६० मेगाबाइट होते. त्यातूनही काही भाग उपकरणांच्या आपसातील संकेतांवर खर्च होतो. म्हणून यूएसबी २.० पोर्टातून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३५ ते ४० मेगाबाइट इतकाच मजकूर वाहतो.

हेच गणित पुढच्या पिढ्यांनाही लागू होते. ५ गिगाबिटच्या पोर्टावर प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठविले जातात. ही जादा दोन बिटांची भर संदेश अचूक ओळखता यावा यासाठी असते. त्यामुळे कमाल मर्यादा सेकंदाला ५०० मेगाबाइट आणि प्रत्यक्ष वेग सुमारे ४०० मेगाबाइट राहतो. १० गिगाबिटच्या पिढीत ही भर १२८ बिटांमागे केवळ ४ बिटांवर आणण्यात आली. परिणामी तो पोर्ट सेकंदाला सुमारे १,००० मेगाबाइटचा पल्ला गाठू शकतो.

बडोद्याचा अभियंता आणि एका पोर्टाची कल्पना

आज सर्वत्र दिसणाऱ्या यूएसबीच्या कथेत गायकवाडांच्या बडोद्याचा धागा आहे. या मानकाच्या निर्मितीत अग्रभागी असलेले अजय भट्ट यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ते अमेरिकेला गेले आणि १९९० मध्ये ‘इंटेल’मध्ये रुजू झाले.

त्या काळी संगणकाच्या मागे जोडण्यांची जत्राच असे. कळफलकाला एक खाच, माऊसला दुसरी, प्रिंटरला रुंद समांतर पोर्ट, मोडेमला सीरियल पोर्ट, खेळाच्या दांड्यासाठी आणखी वेगळा पोर्ट. एखादे नवे उपकरण जोडायचे म्हणजे संगणक बंद करा, आतील कार्डावरील छोट्या खुंट्या हलवा, पुन्हा सुरू करा, असा खटाटोप. घरच्या मंडळींना प्रिंटर जोडताना होणारा त्रास पाहून हे सारे सोपे व्हायला हवे, या विचाराने आपल्या मनात मूळ धरले, असे भट्ट यांनी अनेकदा सांगितले आहे. विजेच्या भिंतीवरील सॉकेटात जसे कोणतेही उपकरण लावता येते, तसे संगणकालाही असावे, ही ती कल्पना होती.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा कमाल वेग होता सेकंदाला १२ मेगाबिट. आज तो क्षुल्लक वाटतो; मात्र तेव्हाचा सीरियल पोर्ट सर्वसाधारणपणे ११५ किलोबिटवर चाले आणि एक मेगाबाइटची फाइल त्यातून जायला सुमारे दीड मिनिट लागे. १९९८ मध्ये ‘अ‍ॅपल’ने आयमॅकमधून जुने पोर्ट काढून टाकून यूएसबीचा अंगीकार केला आणि या मानकाचा प्रसार झपाट्याने झाला. इंटेलने या तंत्रज्ञानावर स्वामित्वशुल्क आकारले नाही, हेही त्याच्या सार्वत्रिकतेचे एक कारण होय. भट्ट यांना २०१३ मध्ये युरोपीय संशोधक पुरस्कार, तर २०२५ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

वेगाच्या पायऱ्या आणि नावांचा गोंधळ

एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० ने वेग ४८० मेगाबिटवर नेला. नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० आले आणि वेग ५ गिगाबिट झाला. २०१३ मध्ये ३.१ ने तो १० गिगाबिटवर, २०१७ मध्ये ३.२ ने २० गिगाबिटवर नेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी-४ ची कमाल मर्यादा ४० गिगाबिट आहे. २०२२ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीने ८० गिगाबिटचा टप्पा गाठला.

इथवर क्रम सरळ आहे. गोंधळ आहे तो नावांचा. प्रत्येक नवी आवृत्ती आली की तिच्या पोटात आधीच्या पिढ्या नव्या नावाने सामावून घेण्यात आल्या. त्यामुळे मुळातील ‘यूएसबी ३.०’ पुढे ‘३.१ जेन १’ झाले आणि त्यानंतर ‘३.२ जेन १’. तिन्ही नावांचा वेग एकच, ५ गिगाबिट. १० गिगाबिटवाले ‘३.२ जेन २’ आणि २० गिगाबिटवाले ‘३.२ जेन २ गुणिले २’. म्हणजे खोक्यावर ‘यूएसबी ३.२’ एवढेच छापलेले असेल, तर त्यावरून पोर्टाचा वेग ५ आहे, १० आहे की २०, हे ग्राहकाला कळू शकत नाही. या मानकाची देखरेख करणाऱ्या यूएसबी मंचाने २०२२ मध्ये हा घोळ ओळखून ‘यूएसबी ५ गिगाबिट’, ‘१० गिगाबिट’, ‘२० गिगाबिट’, ‘४० गिगाबिट’ अशी थेट वेग सांगणारी नावे वापरण्याचे धोरण स्वीकारले. खरेदीच्या वेळी आवृत्तीचा क्रमांक विचारण्यापेक्षा गिगाबिटचा आकडा विचारणे, हा यातून निघणारा साधा धडा आहे.

रंगांवरूनही थोडे अनुमान करता येते. जुन्या चौकोनी पोर्टाच्या आतील पट्टी काळी किंवा पांढरी असल्यास तो बहुधा यूएसबी २.० असतो, निळी असल्यास ५ गिगाबिटचा. मात्र त्यापुढील पिढ्यांसाठी लाल, हिरवट-निळा असे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने वापरतात. म्हणून रंग हा केवळ संकेत मानावा, पुरावा नव्हे.

तारेच्या आत काय घडते

जुना प्रिंटर पोर्ट आठ तारांवरून एकाच वेळी आठ बिट पाठवीत असे. वरवर पाहता तेच वेगवान वाटावे. पण वेग वाढवू लागताच एक अडचण उभी राहते. सर्व तारांवरील बिट अगदी एकाच क्षणी पोहोचत नाहीत. काही पुढे, काही मागे राहतात आणि संदेशाची मोडतोड होते. त्यामुळे अभियंत्यांनी उलटा मार्ग धरला : तारा कमी, पण प्रत्येक जोडीवरून बिटांची एकामागोमाग एक अतिशय वेगवान रांग.

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चारच तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. माहितीच्या दोन तारांवर परस्परविरुद्ध संकेत पाठविले जातात आणि पलीकडे त्यांतील फरक वाचला जातो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो. वजाबाकी केली की तो नाहीसा होतो. यूएसबी ३.० मध्ये जुन्या चार तारांना हात न लावता पाच नवे संपर्कबिंदू वाढविण्यात आले : पाठविण्यासाठी एक जोडी, स्वीकारण्यासाठी दुसरी आणि एक भूतार. जुनी उपकरणे नव्या पोर्टात का चालतात, याचे उत्तर इथे आहे. पोर्टात दोन स्वतंत्र वाटा शेजारी शेजारी असतात. नव्या वाटेचा संपर्क नीट जुळला नाही, तर जोडणी तुटत नाही. ती मुकाट्याने जुन्या, संथ वाटेवर जाते. वापरणाऱ्याला फक्त ‘आज संगणक हळू चालतो आहे’ एवढेच जाणवते.

हा वेग किती नाजूक असतो, याची कल्पना एका हिशेबाने येईल. ५ गिगाबिटच्या जोडणीवर एक बिट केवळ ०.२ नॅनोसेकंद टिकतो. तेवढ्या काळात तांब्यातील संकेत जेमतेम ४ सेंटिमीटर पुढे सरकतो. १० गिगाबिटला हे अंतर २ सेंटिमीटर उरते. म्हणूनच सर्किट बोर्डावर जोडीतील दोन्ही रेघांची लांबी अत्यंत काटेकोरपणे सारखी ठेवावी लागते. अशा सर्किट बोर्डांच्या निर्मितीशी म्हैसूर परिसराचा जवळचा संबंध आहे. ऑस्ट्रियातील ‘एटी अँड एस’ कंपनीचा सर्किट बोर्ड कारखाना येथून जवळच असलेल्या नंजनगूड येथे आहे, तर इलेक्ट्रॉनिक जुळणी करणाऱ्या ‘केन्स टेक्नॉलॉजी’चे मुख्यालय म्हैसुरातच आहे.

केबलची लांबीही याच कारणाने महत्त्वाची. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत चालते. ५ गिगाबिटसाठी ती सुमारे ३ मीटर, १० गिगाबिटसाठी सुमारे १ मीटर आणि ४० गिगाबिटसाठी साध्या केबलबाबत सुमारे ०.८ मीटर इतकीच राहते. त्याहून लांब हवी असल्यास संकेत पुन्हा बळकट करणारी चिप असलेली, साहजिकच महाग केबल घ्यावी लागते. वेगवान डिस्कसोबत उत्पादक वीतभर केबल देतात, ती कंजुषी नव्हे.

टाइप-सी हा आकार आहे, वेग नव्हे

२०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी जोडणीने उलट-सुलट लावण्याची कटकट संपविली. २४ संपर्कबिंदूंचा हा लहानसा पोर्ट वीज, माहिती आणि चित्र हे तिन्ही वाहून नेऊ शकतो. ‘शकतो’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. टाइप-सी हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या आत ४८० मेगाबिटचा यूएसबी २.० असू शकतो किंवा ८० गिगाबिटचा थंडरबोल्टही. बाहेरून दोन्ही एकसारखेच दिसतात.

केबलचेही तसेच. मोबाइल चार्जरसोबत मिळणाऱ्या बहुसंख्य टाइप-सी केबलमध्ये वेगवान जोड्यांच्या तारा नसतातच. त्या विजेसाठी बनविलेल्या असतात आणि माहिती केवळ यूएसबी २.० च्या गतीने नेतात. हजारो रुपयांच्या डिस्कला अशी केबल लावली, तर डिस्क चालते, फाइली उतरतात आणि वेग मात्र दहापटीहून अधिक घसरतो. कोठेही चूक असल्याची सूचना येत नाही.

सदोष केबल तर थेट नुकसानही करू शकते. गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून बाजारातील टाइप-सी केबल स्वतः तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर करण्याचा उपक्रम चालविला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या एका केबलने त्यांच्या लॅपटॉपचे पोर्ट निकामी केले. स्वस्त केबलची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

थंडरबोल्टचे वेगळेपण

इंटेल आणि अ‍ॅपल यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये बाजारात आणलेल्या थंडरबोल्टची कल्पना यूएसबीहून वेगळी होती. संगणकाच्या आतील ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी ज्या अंतर्गत मार्गाने प्रोसेसरशी बोलतात, तो ‘पीसीआय एक्सप्रेस’ मार्गच केबलद्वारे बाहेर आणायचा आणि त्याच केबलवरून पडद्याचे चित्रही न्यायचे, असा हा विचार. प्रारंभी प्रत्येक वाहिनीला १० गिगाबिट असलेला हा वेग २०१३ मध्ये २० आणि २०१५ मध्ये ४० गिगाबिट झाला. याच तिसऱ्या आवृत्तीपासून थंडरबोल्टने टाइप-सीचा आकार स्वीकारला. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ मध्ये दोन्ही दिशांना ८० गिगाबिट आणि पडद्यांसाठी गरज पडल्यास एका दिशेला १२० गिगाबिटपर्यंत वेग मिळतो.

इंटेलने २०१९ मध्ये थंडरबोल्टची संहिता यूएसबी मंचाला देऊ केली आणि तिच्या आधारे यूएसबी-४ तयार झाले. दोन्ही एकमेकांच्या जवळ आले असले, तरी एक भेद उरतो. यूएसबी-४ मध्ये २० गिगाबिट एवढेच अनिवार्य असून बाकी बरेच काही ऐच्छिक आहे. थंडरबोल्ट ४ मध्ये मात्र ४० गिगाबिट, दोन ४के पडद्यांची क्षमता आणि अंतर्गत मार्गासाठी ३२ गिगाबिट या बाबी सक्तीच्या आहेत. पोर्टाशेजारी विजेच्या बाणासारखे चिन्ह असेल, तर ग्राहकाला या किमान हमीवर भिस्त ठेवता येते.

येथेही एक फसवी जागा आहे. ‘जेन २ गुणिले २’ पद्धतीची २० गिगाबिटची एसएसडी ४० गिगाबिटच्या पोर्टाला जोडली, तरी अनेकदा ती १० गिगाबिटवरच चालते. कारण २० गिगाबिटची ती विशिष्ट पद्धत पाळणे यूएसबी-४ पोर्टाला बंधनकारक नाही. मोठा आकडा असलेला पोर्ट प्रत्येक लहान आकड्याला पुरून उरतोच, असे नाही.

सर्वांत मंद कडीचा नियम

जोडणीचा वेग साखळीतील सर्वांत मंद कडीवर ठरतो. पोर्ट, केबल, डिस्कच्या वेष्टनातील चिप, डिस्क स्वतः आणि ज्या संगणकातील डिस्कवरून फाइल येते ती डिस्क, या साऱ्या त्या साखळीच्या कड्या. फिरत्या तबकडीची बाह्य हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइटच वाचू-लिहू शकते. तिच्यासाठी ५ गिगाबिटचा पोर्ट पुरेसा आहे. ४० गिगाबिटच्या पोर्टावर खर्च केलेला पैसा तिला एक क्षणही वेगवान करणार नाही.

१०० गिगाबाइटची नक्कल घ्यायची असल्यास यूएसबी २.० वर सेकंदाला ४० मेगाबाइट धरून सुमारे ४२ मिनिटे लागतात. ५ गिगाबिटच्या पोर्टावर एसएसडी असेल, तर हेच काम सुमारे ४ मिनिटांत आणि १० गिगाबिटवर दोन मिनिटांच्या आत उरकते. छोट्या कार्यालयासाठी हा फरक ‘उद्या करू’ आणि ‘आताच करून टाकू’ यांतला आहे.

मोठ्या कामांत तो आणखी ठळक होतो. जुन्या चित्रपटांचे जतन हे त्याचे बोलके उदाहरण. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात भारतीय चित्रपटांचा ठेवा सांभाळला जातो आणि जुन्या पट्ट्यांचे डिजिटल रूपांतर हा अशा जतनकार्याचा आज अविभाज्य भाग आहे. चित्रपट-पुनर्स्थापनेत प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार पूर्ण चौकटीचे एक ४के चित्र सुमारे ५१ मेगाबाइटचे होते. सेकंदाला २४ चित्रे धरली, तर दोन तासांचा एक चित्रपट सुमारे ८.८ टेराबाइट जागा व्यापतो. हा साठा यूएसबी २.० मधून हलवायचा, तर सुमारे ६१ तास म्हणजे अडीच दिवस लागतील. १० गिगाबिटच्या जोडणीवर वेगवान साठवण असल्यास सुमारे अडीच तास आणि ४० गिगाबिटवर सेकंदाला ३,००० मेगाबाइट धरल्यास पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ पुरेल. अडीच दिवस चालणाऱ्या कामात एकदा वीज गेली, तरी सारे मुसळ केरात जाण्याची भीती असते. वेग येथे चैन राहत नाही, तो सुरक्षिततेचा भाग बनतो.

पुढचे पोर्ट, मागचे पोर्ट

टेबलावरील संगणकात मागचे पोर्ट थेट मदरबोर्डावर बसविलेले असतात. पुढचे पोर्ट मात्र पेटीच्या आतून जाणाऱ्या केबलने मदरबोर्डाला जोडलेले असतात. ही केबल निकृष्ट असेल किंवा जुळणी करताना ती चुकीच्या खाचेत लावली गेली असेल, तर पुढच्या निळ्या पोर्टालाही पूर्ण वेग मिळत नाही. म्हणून महत्त्वाची डिस्क मागच्या पोर्टाला लावणे श्रेयस्कर. पेन ड्राइव्हसारख्या किरकोळ कामांसाठी पुढचे पोर्ट सोयीचे आहेत.

विजेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर कमाल अर्धा अँपियर, म्हणजे २.५ वॅट वीज देतो. ५ गिगाबिटचा पोर्ट ४.५ वॅट. स्वतंत्र विजेशिवाय चालणारी फिरती हार्ड डिस्क सुरू होताना अधिक वीज मागते. ती न मिळाल्यास डिस्क टकटक आवाज करते किंवा संगणकावरून नाहीशी होते. चार उपकरणे एकाच साध्या हबवर लटकविली, तर ती सारी मिळून एकाच पोर्टाची वीज आणि एकाच पोर्टाचा वेग वाटून घेतात. अशा वेळी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब वापरणे योग्य.

आणखी एक बारकावा. यूएसबी ३.० च्या तारांतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरात पसरतो, असे इंटेलने २०१२ मधील आपल्या तांत्रिक टिपणात नमूद केले आहे. बिनतारी माऊस आणि कळफलक याच लहरींवर चालतात. वेगवान डिस्क जोडताच माऊस अडखळू लागला, तर माऊसचा छोटा ग्राहक डिस्कपासून दूरच्या, शक्यतो काळ्या पोर्टाला लावावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

पडदा आणि नेटवर्क

चित्रासाठीच्या पोर्टांतही हाच न्याय आहे. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट, एचडीएमआय २.१ ची ४८ गिगाबिट आणि डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४ गिगाबिट. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात पडद्याची केबल मदरबोर्डावरील पोर्टाला लावली जाणे, ही सर्रास घडणारी चूक आहे. तसे झाल्यास महागडे कार्ड बहुतांशी निष्क्रिय राहते. केबल खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीवरील पोर्टालाच लावायला हवी. टेबलावरील संगणकाच्या टाइप-सी पोर्टातून चित्र निघेलच, असेही गृहीत धरू नये. त्या पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह आहे का, ते पाहावे.

नेटवर्कचा पोर्ट बहुतेक संगणकांत १ गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटचा असतो. नव्या मदरबोर्डांवर २.५ गिगाबिटचा पोर्ट आढळतो. त्याचा लाभ मात्र मधला स्विच आणि पलीकडचा संगणकही त्याच क्षमतेचा असेल, तरच मिळतो.

सुविधा आणि सावधगिरी

पोर्ट हे संगणकाचे दारही आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने औद्योगिक यंत्रणांत शिरण्यासाठी पेन ड्राइव्हचा आधार घेतला होता. थंडरबोल्टमध्ये उपकरणाला संगणकाच्या स्मृतीपर्यंत थेट पोहोचता येते. त्या मार्गातील त्रुटी २०२० मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन विद्यापीठाच्या संशोधकाने दाखवून दिल्या. नव्या संगणकांत या स्मृतीभोवती संरक्षणाची तटबंदी असते. तरीही अनोळखी पेन ड्राइव्ह न लावणे आणि कार्यालयीन संगणकावर कोणते उपकरण जोडले जाते यावर नजर ठेवणे, याला पर्याय नाही.

मानकीकरणाच्या दिशेने भारतातही पावले पडली आहेत. भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, प्लग आणि केबल यांसाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ हे मानक जाहीर केले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना टाइप-सी चार्जिंग अनिवार्य झाले, तर लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. यामुळे आकारांची विविधता कमी होईल आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यालाही काहीसा आळा बसेल. मात्र आकार एक झाला म्हणून वेग एक होत नाही, हे ग्राहकाला ध्यानात ठेवावेच लागेल.

खरेदीपूर्वी काय पाहावे

संगणक घेताना मदरबोर्डाची माहितीपुस्तिका मागावी. कोणता पोर्ट किती गिगाबिटचा आहे, हे तीत नेमके दिलेले असते. केबल घेताना तिच्यावर वेग आणि वॅट हे दोन्ही आकडे छापलेले आहेत का, ते पाहावे. हार्ड डिस्कसाठी ५ गिगाबिट, नेहमीच्या बाह्य एसएसडीसाठी १० गिगाबिट आणि चित्रपट-संकलनासारख्या अवजड कामासाठी ४० गिगाबिट, असा ढोबळ आडाखा ठेवता येईल. वेगवान डिस्कसोबत आलेली केबल तिच्याबरोबरच ठेवावी. चार्जरच्या केबलींत ती मिसळू देऊ नये. केबलवर वेगाचा आकडा लिहिलेली छोटी चिकटपट्टी लावली, तर पुढचा बराच घोटाळा टळतो.

वेग अपेक्षेपेक्षा कमी वाटल्यास नवे उपकरण घेण्याआधी तीन गोष्टी क्रमाने कराव्यात : प्लग काढून पुन्हा नीट बसविणे, केबल बदलून पाहणे आणि मागच्या दुसऱ्या पोर्टाला जोडणे. एखादी मोठी फाइल उतरवून सेकंदाला किती मेगाबाइट जातात, हे संगणकच दाखवितो. आकडा ४० च्या आसपास अडकला असेल, तर जोडणी यूएसबी २.० च्या वाटेवर गेल्याचा तो जवळपास निश्चित संकेत होय. काम संपल्यावर डिस्क संगणकाच्या आज्ञेनेच विलग करावी. फाइल उतरल्याचे दिसले, तरी तिचा अखेरचा भाग लिहिला जाण्यास काही क्षण लागू शकतात.

महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा जतनाचा जुना नियम आजही लागू आहे. तो पाळण्यातील सर्वांत मोठा अडथळा बहुधा वेळेचा असतो. योग्य पोर्टाला योग्य केबल लावल्याने वाचणारी चाळीस मिनिटे, याच कामासाठी सर्वाधिक उपयोगी पडतात.